वहीतले पान आणि पडद्यावरचे पान

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



उज्जैनच्या रामघाटावर शिप्रेत स्नान करून एखादे महाराष्ट्रीय कुटुंब पायऱ्या चढून वर येते. तीर्थपुरोहित विचारतो, "गाव कोणते? आडनाव काय?" एवढी दोन उत्तरे मिळाली की तो बासनातून एक लांबट वही काढतो, पाने उलटतो आणि यजमानाचे पणजोबा कोणत्या साली, कोणासाठी, कोणाला बरोबर घेऊन येथे आले होते ते वाचून दाखवितो. यजमान अवाक् होतो. पुरोहिताची स्मरणशक्ती दांडगी असेलही; पण येथे खरे श्रेय वहीच्या रचनेचे आहे. गावाखाली आडनाव, आडनावाखाली पिढी, पिढीखाली व्यक्ती, असा तिचा क्रम असतो. शिवाय पुरोहित सगळी वही वाचीत बसत नाही. समोरच्याला हवे असलेले पान तेवढे उघडतो.

आजचा विषय, म्हणजे संगणकातील दस्तऐवजाचे प्रोग्रॅमच्या साहाय्याने सादरीकरणात रूपांतर करणे, या दोन गोष्टींत सामावलेला आहे. साहित्यप्रेमी मंडळींना तो रुक्ष वाटेल. परंतु ज्या संस्थेजवळ शंभर वर्षांचे अहवाल, व्याख्याने आणि सूची आहेत, तिला हा प्रश्न टाळता येणार नाही.

दस्तऐवज वाचण्यासाठी असतो, सादरीकरण दाखविण्यासाठी. १९८७ साली रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांचे 'पॉवरपॉइंट' मॅकिंटॉश संगणकावर अवतरले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले आणि पुढे सभागृहातील पडदा हे व्याख्यानाचे नित्याचे साधन झाले. मजकूर तेथवर नेण्याचे काम मात्र बहुधा हातानेच होत राहिले. कोणीतरी दस्तऐवज उघडावा, एकेक ओळ उचलावी आणि पडद्यावरच्या पानावर डकवावी. एका समारंभापुरते हे चालते. शंभर वर्षांच्या अहवालांना ते पुरे पडणारे नाही.

हे काम यंत्राला साधते याचे कारण दोन्ही फायलींच्या घडणीत आहे. २००६ साली एकमा या संस्थेने आणि २००८ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने मान्य केलेल्या स्वरूपानुसार, वर्डची आजची फाइल म्हणजे अनेक लहान फायलींचे एक बांधलेले गाठोडे असते. आतील मजकुरावर चिठ्ठ्या लावलेल्या असतात : हा मथळा, हा उपमथळा, हा परिच्छेद, हे कोष्टक. सादरीकरणाची फाइलही असेच गाठोडे असून तिच्यात प्रत्येक पानाची वेगळी फाइल असते. तेव्हा रूपांतर म्हणजे एका फडताळातील वस्तू चिठ्ठी पाहून दुसऱ्या फडताळात मांडणे. बर्कले विद्यापीठातील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ साली आरंभिलेला 'पॅनडॉक' हा विनामूल्य प्रोग्रॅम हेच करतो. मथळा आला की तो नवे पान सुरू करतो आणि त्याखालील मजकूर त्या पानावर ठेवतो.

समजा, रामघाटावर एक दीर्घ लेख आहे. त्यात तीन मथळे आहेत. 'नावाची कथा' या मथळ्याखाली श्रीरामाने येथे दशरथाचे श्राद्ध केले ही श्रद्धा सांगितली आहे. 'शिंदेशाही' या मथळ्याखाली राणोजी शिंद्यांपासून १८१० साली दौलतरावांनी ग्वाल्हेर ही राजधानी करीपर्यंतचा काळ आला आहे. 'सिंहस्थ' या मथळ्याखाली १९९२, २००४ आणि २०१६ ची पर्वे व येऊ घातलेले २०२८ चे पर्व आहे. प्रोग्रॅम क्षणार्धात तीन पाने सिद्ध करील. पण टंकलेखकाने मथळ्याला मथळ्याची शैली न देता अक्षरे नुसती ठळक आणि मोठी केली असतील, तर डोळ्यांना तो मथळा दिसेल. यंत्राला मात्र तो साध्या परिच्छेदासारखाच वाटेल, आणि सारा लेख एकाच पानावर कोंबला जाईल. आडनावे न लिहिलेल्या वहीपुढे पुरोहितही असाच हतबल होईल.

मराठीच्या बाबतीत याहून मोठी अडचण अक्षरांची आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी टंकलिखित झालेल्या असंख्य मराठी फायलींत देवनागरी अक्षरे नाहीतच. रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकारांचा मुखवटा चढविलेला आहे. तो फाँट संगणकावर नसेल तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. युनिकोडमध्ये आणताना क्रमही बदलावा लागतो. 'शिप्रा' लिहिताना जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी आधी आणि 'श' नंतर नोंदला जाई. युनिकोडमध्ये 'श' आधी येतो. 'तीर्थ' मधला रफार पूर्वी 'थ' नंतर येई, आता 'थ' च्या आधी. हे नियम प्रोग्रॅमला शिकविता येतात, पण प्रत्येक फाँटचे नियम वेगळे. म्हणून शेवटी मराठी जाणणाऱ्याने ताडून पाहिल्यावाचून गत्यंतर नाही.

हे मराठीला नवे नाही. मोडी कागदाचे बाळबोधीत लिप्यंतर करणाऱ्यांनी हेच सोसले आहे. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद सहसा पाळला जात नसे. कोठे ऱ्हस्व आणि कोठे दीर्घ हे लिप्यंतरकारालाच ठरवावे लागे. लिपी बदलण्याचे काम नियमाने होते, निर्णयाचे काम माणसाकडेच राहते.

यंत्राची खरी मर्यादाही तेथेच आहे. परिच्छेद लांबला तर पानाच्या चौकटीबाहेर वाहून जातो. त्यातले काय ठेवावे आणि काय गाळावे हे प्रोग्रॅम सांगू शकत नाही. त्यावर चांगली तोड अशी, की पडद्यावर चार ओळी ठेवाव्यात आणि पूर्ण मजकूर त्या पानाला जोडलेल्या वक्त्याच्या टिपांत राहू द्यावा. म्हणजे श्रोत्याला भार होत नाही आणि अभ्यासकाचे नुकसानही होत नाही.

शताब्दी साजरी करणाऱ्या ग्रंथालयाने तीन गोष्टी कराव्यात. नव्या प्रत्येक दस्तऐवजात मथळ्यांना मथळ्यांचीच शैली द्यावी. जुन्या फाँटांतील फायली, त्या उघडणारे संगणक शिल्लक आहेत तोवर, युनिकोडमध्ये आणून ताडून घ्याव्यात. आणि रूपांतर कितीही सुबक झाले तरी मूळ प्रत जतन करावी.

रामघाटावरच्या त्या वहीचे पान उघडते ते वर्षानुवर्षे कोणीतरी शिस्तीने नोंद केली म्हणून. ग्रंथालयाची वही आज आपल्या हाती आहे. आणखी शंभर वर्षांनी एखादा वाचक येऊन गाव आणि आडनाव सांगेल, तेव्हा ते पान उघडावे, एवढी जबाबदारी आजच्या पिढीची आहे.