पदराची मागची बाजू दाखवा

(येवल्यातील तरुण विणकरांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



येवल्यात येऊन विणकामावर बोलावे, एवढा माझा अधिकार नाही. मागावर मी आयुष्यात एकदाच बसलो आणि एका मोराची मान बिघडवून उठलो. आज बोलायचे आहे ते विक्रीविषयी. ते काहीसे कटू वाटेल, पण आपल्याच माणसांत बोलायचे नाही, तर कुठे?

प्रथम हिशेब पाहू. समजा, एका साडीला 45 दिवस लागले. रेशीम आणि जर यांचे 12,000 रुपये झाले व साडी 25,000 रुपयांना गेली. उरलेले 13,000 आपण नफा म्हणून मांडतो. त्याला 45 ने भागा. दिवसाला 289 रुपयेही पडत नाहीत. त्यातच कांड्या भरणाऱ्या आईचे वा पत्नीचे श्रम, मागाची दुरुस्ती आणि साडी विकली जाईपर्यंत अडकलेले भांडवल. हा नफा नव्हे, ही मजुरी आहे, तीही अपुरी. घरच्या माणसांच्या श्रमाला शून्य किंमत लावण्याची सवय आपणच स्वतःला लावून घेतली आहे. मग मुलगा माग सोडून कारखान्यात गेला, तर दोष कुणाला द्यायचा?

दुसरी गोष्ट ओळखीची. लग्नसराईत एका दुकानात मी उभा होतो. एक भगिनी यंत्रमागावरची साडी ‘येवल्याची पैठणी’ म्हणून घेत होत्या. किंमत कमी, चकाकी अधिक. त्यांना फसवले गेले हे खरे. पण खरी पैठणी कशी ओळखावी, हे त्यांना आपल्यापैकी कुणी कधी सांगितले होते? हाताने विणलेल्या पदराची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. नकलेत मागे बहुधा सुटे किंवा कापलेले धागे आढळतात. म्हणून ग्राहकापुढे साडी उलगडताना आधी पदर उलटा करा. इतकी प्रामाणिक जाहिरात दुसरी नाही, आणि तिला पैसेही पडत नाहीत.

चिन्हांच्या बाबतीतही गोंधळ नको. 2004 मध्ये आलेला ‘सिल्क मार्क’ रेशमाच्या शुद्धतेची ग्वाही देतो, हातमागाची नव्हे. 2006 चा ‘हँडलूम मार्क’ हातमागासाठी आहे. पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. परंतु ते घरबसल्या प्रत्येकाच्या साडीला चिकटत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून ज्याने त्याने स्वतःची नोंदणी करावी लागते. 2020 साली नियम बदलून त्या अर्जाचे शुल्क 500 रुपयांवरून 10 रुपयांवर आणले गेले. 10 रुपयांसाठी आपले नाव अडले आहे, हे मनाला लागते.

व्यापारी हा आपला शत्रू नव्हे. रेशीम उधार देणारा, मंदीत मजुरी थांबू न देणारा व्यापारी अनेक घरांनी पाहिला आहे. त्याच्याकडे इतकेच मागा, की साडीसोबत विणणाऱ्याच्या नावाची, गावाची आणि लागलेल्या दिवसांची एक चिठ्ठी जाऊ द्यावी. चित्रकार चित्राखाली सही करतो. दीड महिना मागावर बसणाऱ्याने संकोच का करावा?

नोंदणीचे अर्ज येथे ठेवले आहेत. ज्यांचे भरायचे राहिले असतील, त्यांनी चहानंतर थांबावे. आपण एकत्र बसून भरू.