मस्टर वाचून मगच अंगठा
(पाड्यावरच्या बैठकीत संघटनेतर्फे केलेले बोलणे)

बायांनो, भावांनो, वनजमिनीच्या प्लॉटांचं बोलणं आज थोडं बाजूला ठेवू. आज हिशेबाचं बोलू. आपल्यातले काही म्हणतात, सरकारी पैशाचा हिशेब सरकार बघील, आपल्याला काय त्याचं? पण तो पैसा कोणाचा?

रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, लागू झाला २६ जानेवारी १९७९ पासून. त्यासाठी शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापतात, आणखीही कर बसवले आहेत. जेवढा कर जमतो तेवढीच भर सरकारने घालायची. ही कोणा साहेबाची मेहरबानी नाही.

हा रुपया आपल्या हातात येतो तो दोन कागदांवरून. मस्टरवर हजेरी, मापाच्या पुस्तकात माती. मजुरी ठरते मापावर. आपण चौकडी खणतो, ओव्हरशिअर येतो आठ दिवसांनी. तोवर कडा ढासळलेल्या, माप कमी, मजुरी कमी. म्हणून चौकडीच्या मधे न खणलेल्या मातीचा एक खुंट उभा ठेवा. किती खोल खणलं ते तोच सांगेल.

मागच्या उन्हाळ्यात बंडिंगच्या कामावर आपल्याच एका शिकलेल्या पोराने मस्टर मोठ्याने वाचलं. वीटभट्टीवर गेलेल्या तिघांची त्यात रोजची हजेरी! एक म्हातारी तर आधीच्या पावसाळ्यातच वारलेली. आधी सगळे हसले. मग कळलं, कामावर असलेल्या बायांचे सहाच्या जागी चारच दिवस लागलेत. कोऱ्या मस्टरवर अंगठे कोणी दिले? आपणच. मुकादम रागावेल म्हणून. दोन दिवस कचेरीसमोर बसलो, तेव्हा दिवस दुरुस्त झाले आणि मजुरी मिळाली.

मार्च महिन्यात जास्त जपा. मंजूर पैसा ३१ मार्चपर्यंत खर्च झाला नाही तर परत जातो, म्हणून त्या दिवसांत कागदावरची कामं भराभर उरकतात. आपल्या रानात कागदावर कुठला बंधारा झाला, तो जागेवर जाऊन बघायचा. नसेल तर तसं लिहून अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. पोच नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

आता आमचंही एक. संघटनेच्या वर्गणीची वही दोन महिने पाड्यावर वाचली गेली नाही. चूक आमची. वही आणली आहे. कंदील इकडे घ्या, आधी ती वाचू.