लाभार्थी ते कारभारी

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक मेळाव्यातील व्याख्यान)



‘पालक’ हा शब्द मोठा जबाबदारीचा आहे. परंतु शाळेच्या दप्तरात त्याचा अर्थ बहुधा प्रगतिपुस्तकावर सही करणारी व्यक्ती एवढाच उरतो. त्यातून पालक गरीब, अल्पशिक्षित आणि पोटासाठी गावोगाव हिंडणारा असेल, तर त्याला काही विचारावे असे कोणाला वाटतच नाही. त्याला शिकवावे, समजवावे, मदत द्यावी. त्याचे मत घ्यावे असे मात्र नाही. या समजुतीला छेद देणारे एक उदाहरण अमेरिकेतील स्थलांतरित शेतमजुरांच्या कुटुंबांत घडले. हीरक महोत्सवी वर्षात त्याचे स्मरण उचित ठरेल.

संपन्न अमेरिकेत फळे आणि भाज्या आजही मोठ्या प्रमाणावर हातांनीच तोडल्या जातात. पीक जसजसे तयार होते तसतशी मजुरांची कुटुंबे फ्लोरिडातून पूर्व किनाऱ्याने उत्तरेकडे, टेक्सासच्या दक्षिण टोकाकडून मिशिगन-ओहायोकडे सरकत जातात. १९३८ साली तेथे किमान वेतनाचा कायदा झाला, त्यातून शेतमजूर वगळले गेले. १९६६च्या दुरुस्तीने त्यांच्यातील काहींना किमान वेतन मिळाले. जादा तासांचा वाढीव मोबदला मात्र त्या केंद्रीय कायद्याने त्यांना आजही दिलेला नाही. १९६० साली एडवर्ड मरो या नामवंत पत्रकाराचा या मजुरांच्या जीवनावरील माहितीपट दूरचित्रवाणीवरून दाखवला गेला. सणाच्या मेजवानीच्या दुसऱ्याच दिवशी आपले अन्न कोणाच्या हातांनी येते हे पाहून सारा देश अस्वस्थ झाला.

त्याच काळात कॅलिफोर्नियातील स्टॉकटन गावी डोलोरेस ह्युएर्टा नावाच्या तरुण शिक्षिकेच्या वर्गात शेतमजुरांची मुले उपाशीपोटी आणि अनवाणी येत. भुकेल्या मुलाला धडा शिकवण्यापेक्षा त्याच्या आईबापांना संघटित करणे अधिक उपयोगाचे, असा निष्कर्ष काढून त्यांनी नोकरी सोडली. १९६२ साली सेझार चावेझ यांच्यासह त्यांनी शेतमजुरांची संघटना स्थापन केली. त्या स्वतः अनेक मुलांची आई होत्या. मजुरांच्या घरी थोड्या लोकांना जमवून बोलते करायचे, ही त्यांची पद्धत होती. सभागृहात गप्प बसणारा माणूस स्वतःच्या ओसरीवर मोकळेपणी बोलतो, हे त्यांनी ओळखले होते.

१९६५ साली अमेरिकन शासनाने गरीब कुटुंबांतील बालकांसाठी ‘हेड स्टार्ट’ हा बालविकासाचा कार्यक्रम सुरू केला. स्थलांतरित शेतमजुरांच्या मुलांसाठी त्याची स्वतंत्र शाखा १९६९ साली निघाली. या कुटुंबांची घडीच वेगळी असल्याने केंद्रांचीही घडी बदलावी लागली. आई पहाटे शेतावर जाते, म्हणून केंद्र पहाटे उघडू लागले. तान्हे मूल शेताच्या बांधावर राहू नये, म्हणून तान्ह्यांनाही प्रवेश मिळाला. केंद्राचे वर्ष शाळेच्या दिनदर्शिकेऐवजी पिकाच्या हंगामावरून ठरू लागले.

या कार्यक्रमाचे मर्म मात्र त्याच्या कारभारात आहे. प्रत्येक केंद्रातील पालकांची समिती असते. पालक आपले प्रतिनिधी निवडून वरच्या धोरण परिषदेवर पाठवतात, आणि त्या परिषदेत बहुमत पालकांचे असावे असा नियम आहे. अंदाजपत्रक, कर्मचारी नेमण्याचे धोरण, प्रवेशाचे निकष हे विषय परिषदेपुढे यावेच लागतात. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांच्यासाठी दुभाष्याची सोय करायची असते. रिकाम्या जागांसाठी आजी-माजी पालकांचाही विचार व्हावा, अशी अट आहे. त्यामुळे मुलाला सोडायला आलेली आई पुढे त्याच केंद्रात मदतनीस होते आणि प्रशिक्षण घेऊन शिक्षिकाही होऊ शकते.

अशा परिषदेत कधीही शाळा न पाहिलेली माता काय सांगणार, अशी शंका कोणीही घेईल. तिला हिशेबाचे रकाने शिकावे लागतात, हे खरेच. परंतु मजुरांच्या वस्तीपासून केंद्र किती दूर आहे, शेतावरून परतल्यावर औषधफवारणीचे कपडे न बदलता मुलाला का उचलू नये, पाऊस पडून काम बुडाले की घरात काय शिजते, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार? अधिकाऱ्याकडे आकडे असतात, तिच्याकडे दिवस असतो. दोन्ही एका टेबलावर आले की योजना शहाणी होते. तिच्या मर्यादाही आहेत. हंगाम संपला की निवडून आलेली आई पुढच्या गावी जाते आणि समिती नव्याने घडवावी लागते. परिषदेमुळे मजुरीही वाढत नाही. तथापि जिने एकदा अंदाजपत्रकावर प्रश्न विचारला, ती पुढच्या गावच्या शाळेत मुख्याध्यापकांसमोर मान खाली घालून उभी राहत नाही.

हे चित्र मराठी माणसाला परके नाही. दिवाळीच्या सुमारास बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर निघतात, ते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पाच-सहा महिने फडात राबतात. तेथे नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती त्या कोयत्यावर. मुलाची गणना त्यात होत नाही. ते एक तर खोपीत लहान भावंडाला सांभाळते, नाही तर गावी आजीजवळ राहते. त्याच्यासाठी साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असेही सांगितले. पण समितीची बैठक गावात भरते तेव्हा आई फडात मोळी बांधत असते. कायद्याने दिलेली खुर्ची हंगामभर रिकामी राहते. ती भरायची तर बैठकीनेच फडापर्यंत चालत जायला हवे, आणि गावी राहिलेल्या आजीलाही पालक म्हणून बोलावायला हवे.

पालकहो, महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांचा इतिहासही स्थलांतरितांचाच आहे. नोकरी-व्यवसायासाठी परप्रांती आलेल्या मंडळींनी वर्गणी काढून, घराच्या ओटीवर वर्ग भरवून शाळा उभ्या केल्या. त्यांच्या गाठीशी शिक्षण होते, ऊसतोड मजुराच्या गाठीशी ते नसते. हा फरक मोठा आहे आणि तो विसरू नये. परंतु आपल्या मुलांची व्यवस्था आपण करू, हा निर्धार दोघांचा एकच. तो निर्धार साठ वर्षांत कोठे गेला, हा प्रश्न प्रत्येक मराठी शाळेने स्वतःला विचारण्याजोगा आहे. पालकसभेला तेच तेच सुशिक्षित चेहरे दिसतात. बांधकामावर, बाजारात, परक्या घरी राबणारे पालक दिसत नाहीत, कारण सभा त्यांच्या कामाच्या वेळी भरते. त्यांच्या अनुपस्थितीला मात्र अनास्था म्हटले जाते.

उपाय खर्चिक नाहीत. सभा सायंकाळी किंवा सुटीच्या दिवशी घ्यावी. वर्षातून दोनदा ती पालकांच्या वस्तीत भरावी. शाळेचा जमाखर्च सोप्या भाषेत वाचून दाखवावा आणि प्रश्नांसाठी वेळ राखावा. ठराव झाल्यावर सही मागण्याऐवजी ठरावापूर्वी मत विचारावे. माजी विद्यार्थ्यांनी देणगीबरोबर आपला एक तास द्यावा आणि नव्या पालकाशेजारी बसून त्याला कामकाजाची रीत समजावून सांगावी.

शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीत दात्यांची नावे भिंतीवर कोरली गेली, आणि ते योग्यच झाले. पुढच्या वर्षांत पालकसभेच्या नोंदवहीत अशा एखाद्या आईचे नाव सूचक म्हणून यावे, जिने आजवर तेथे केवळ अंगठा उमटवला होता. त्या दिवशी शाळेचा महोत्सव खऱ्या अर्थाने साजरा होईल.