सुट्टीतल्या नायकाची प्रवेशपरीक्षा

स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेवर प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाचा विषय ‘कादंबरीकडून छोट्या पडद्याकडे : रूपांतराच्या क्षेत्रातील संधी’ असा छापला गेला असून त्याला न्याय देणे हे प्रस्तुत वक्त्याचे कर्तव्य आहे, तथापि जळगावातील ज्या महाविद्यालयाने धुळ्याहून शिकायला आलेल्या एका मुलाला गॅदरिंगमध्ये आधी पडदा ओढायला लावले आणि पुढे पडद्यासाठी लिहिण्याच्या व्यवसायाला लावले, त्याच महाविद्यालयाच्या मांडवात उभे राहिल्यावर संधींपेक्षा ऋणाची आठवण आधी व्हावी, हे समोरच्या जाणत्या मंडळींनी समजून घ्यावे.

रूपांतर म्हणजे एका माध्यमासाठी घडलेली कृती दुसऱ्या माध्यमाच्या गरजेनुसार नव्याने रचणे. कादंबरीत नायकाच्या मनात काय चालले आहे ते लेखक सरळ सांगू शकतो; पटकथेत, म्हणजे दृश्यांच्या क्रमाने लिहिलेल्या आराखड्यात, जे दिसत नाही आणि ऐकू येत नाही ते लिहून उपयोग नसतो, त्यामुळे मनातले बोलणे एखाद्या मित्राच्या कानावर घालावे लागते आणि तसा मित्र मूळ पुस्तकात नसेल तर तो निर्माण करावा लागतो. दूरदर्शनच्या जुन्या काळात मालिका बहुधा तेरा भागांची असे, कारण आठवड्याला एक भाग धरला की तेवढ्यात तिमाही भरते. आणि प्रत्येक भागाच्या अखेरीस प्रेक्षकाला अडकवून ठेवणारा पेच लागे, मग मूळ प्रकरण तिथे संपत असो वा नसो. क्षेत्राच्या माहितीदाखल एवढे पुरे आहे. बाकीचे काम बसून शिकण्याचे आहे.

‘सुट्टीची कादंबरी’ असा स्वतंत्र प्रकार मराठी समीक्षेने मानलेला नसला, तरी तो होता याचा पुरावा ग्रंथालयात मिळत असे. भा. रा. भागवत यांच्या फास्टर फेणेच्या एखाद्या पुस्तकाची वाचनालयातली प्रत, म्हणजे पाठीवर कापडी पट्टी डकवलेली आणि कोपरे झिजून गोल झालेली प्रत, मागून उघडली की तारखांच्या चिठ्ठीवर एप्रिलअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंतचे जांभळे शिक्के एकमेकांवर चढलेले दिसत आणि त्यानंतर थेट दिवाळीपर्यंत जवळजवळ कोरी जागा असे. फुरसुंगीचा हा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो खरा, पण त्याला वर्गात बसवून गोष्ट पुढे सरकत नाही. प्रतापगड, काश्मीर, गुलमर्ग ही नुसत्या शीर्षकांत येणारी ठिकाणे पाहिली तरी हा मुलगा तासिकांच्या वेळापत्रकात मावणारा नव्हता हे कळते. सायकल, ‘टॉक्’ असा तोंडाने काढलेला आवाज आणि हाताशी भरपूर वेळ, या तीन गोष्टींवर ही सारी पुस्तके उभी आहेत आणि त्यांतली तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे.

आपला नायक पडद्यावर पाहण्याचे भाग्य सर्वच लेखकांना लाभले नाही. साने गुरुजी 1950 मध्ये गेले आणि आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ 1953 मध्ये आला, चिं. वि. जोशी 1963 मध्ये निवर्तल्यानंतर बऱ्याच वर्षांनी मुंबई दूरदर्शनवर चिमणराव आणि गुंड्याभाऊ अवतरले; ‘गोट्या’चे लेखक ना. धों. ताम्हनकर 1961 मध्ये वारले आणि राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेली मालिका त्यानंतर कित्येक वर्षांनी आली. भागवत मात्र 1910 ते 2001 असे दीर्घ आयुष्य जगले आणि 1980 च्या दशकात सुमीत राघवन यांच्या रूपाने फास्टर फेणे दूरदर्शनवर आला तेव्हा ते हयात होते. अशा वेळी लेखकाच्या वाट्याला येणारा अनुभव चमत्कारिक असतो, कारण हजारो वाचकांनी आपापल्या कल्पनेने हजारो तोंडवळे दिलेल्या मुलाला एकाएकी एकच चेहरा मिळतो आणि तो यापुढे कोणाचाच, अगदी लेखकाचाही, पुरता उरत नाही.

याला सुखद अपवाद दिलीप प्रभावळकर यांचा. ‘लोकसत्ता’तील ‘अनुदिनी’ हे त्यांचे सदर एका कुटुंबातील माणसांची रोजनिशी म्हणून वाचले गेले, त्याचे पुस्तक झाले आणि 2001 पासून केदार शिंदे यांच्या दिग्दर्शनाखाली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका अल्फा मराठीवर सुरू झाली, तेव्हा लेखकाने त्या घरातल्या आजोबांची, म्हणजे आबांची, भूमिका स्वतःच केली. म्हणजे चेहरा कोणाचा, हा प्रश्नच त्यांनी निकालात काढला. चिमणरावही तेच होते. आणि 2017 च्या ‘फास्टर फेणे’ या चित्रपटात खुद्द भागवतांना पात्र करून आणले गेले, तेव्हा ती भूमिकाही प्रभावळकरांकडेच गेली. भागवतांचे निधन 27 ऑक्टोबर 2001 चे, आणि चित्रपट प्रदर्शित झाला तोही 27 ऑक्टोबरलाच.

आदित्य सरपोतदार यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि क्षितिज पटवर्धन यांनी लिहिलेल्या त्या चित्रपटातील एक बदल या सभागृहात विचारात घेण्याजोगा आहे. अमेय वाघ यांनी साकारलेला फेणे शाळकरी राहिलेला नाही. तो पुण्यात येतो तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देण्यासाठी, आणि त्याच्यासमोरचे रहस्यही परीक्षेतल्या गैरव्यवहाराचेच आहे. हा बदल करणाऱ्यांना दोष देता येत नाही, उलट त्यांची नजर अचूक होती असेच म्हणावे लागेल. कारण महिनाभर सायकलवरून नुसता हुंदडणारा, कोणत्याही क्लासला नाव न घातलेला मुलगा आजच्या प्रेक्षकाला खरा वाटला नसता. नायक तोच राहिला. त्याची सुट्टी तेवढी कापली गेली.

खानदेशात सुट्टी काय असते हे वास्तविक कोणी सांगण्याची गरज नाही. पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला की जळगाव काय आणि धुळे काय, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारले जाते आणि गच्चीवर वाळत घातलेल्या बिबड्यांची राखण घरातल्या सर्वांत निरुपयोगी समजल्या गेलेल्या मुलाकडे येते. प्रस्तुत वक्त्याचे बहुतेक वाचन या राखणदारीत, जिन्याच्या तोंडाशी सावलीत बसून झाले, आणि त्या काळात कावळ्यांनी नेलेल्या बिबड्यांचा हिशेब घरच्यांनी अद्याप सोडलेला नाही. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढत असत, त्याच मातीत वाढलेल्या या महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकात पहिले लेखन लावले गेले, ते शुद्धलेखनाच्या लाल खुणांसह लावले गेले, आणि त्या खुणा करणारे सर आज दुसऱ्या रांगेत बसलेले आहेत.

म्हणूनच विषयपत्रिका बाजूला सारून एकच आग्रह येथे मांडावयाचा आहे, आणि तो असा की सुट्टी रिकामी ठेवावी. कथा रचणारा, यंत्र उघडून पाहणारा, नदीकाठी उगाच बसणारा मुलगा रिकाम्या वेळातच तयार होतो. पहिल्या रांगेतील काही मान्यवर नीट आणि जेईईचे वर्ग चालवतात याची वक्त्याला पूर्ण कल्पना आहे; त्यांनी रागावू नये, पण मे महिन्याच्या बॅचची जाहिरात संमेलनाच्या कमानीवर लावली गेली आहे हेही नजरेतून सुटलेले नाही. पालकांनी ‘मुले मोबाईलमध्येच बसतील’ ही सबब पुढे करू नये, कारण रिकामपणाची सवय गेली म्हणूनच मुले मोबाईलमध्ये बसतात. आणि विद्यार्थ्यांनीही वेळ मिळत नाही ही तक्रार करताना, मिळालेल्या वेळात आपणहून दुसरा क्लास शोधू नये. वेळ रिकामा ठेवणे म्हणजे तो वाया घालवणे नव्हे, हे या व्यासपीठावरून तिसऱ्यांदा सांगितले जात असल्याची जाणीव आहे आणि चौथ्यांदाही सांगितले जाईल.

राहिली एक विनंती, आणि ती संस्थेच्या सचिवांना उद्देशून आहे. ग्रंथालय दर वर्षी पुस्तकांच्या मोजणीसाठी नेमके मे महिन्यात बंद ठेवले जाते. ही मोजणी परीक्षांच्या काळात, जेव्हा गोष्टीचे पुस्तक कोणी मागत नाही, तेव्हा उरकून मे महिनाभर दारे उघडी ठेवता येतील का, याचा विचार व्हावा. सचिवांनी आत्ता मान हलवलेली दिसली. ती होकारार्थी होती की शेजारी बसलेल्या प्राचार्यांशी बोलताना हलली, याचा खुलासा आभारप्रदर्शन करणाऱ्यांनी करावा.