सुजलेला गुडघा, न दुखणारा डोळा



 बियाणं, पोलाद नाहीतर मोसंबीच्या सौद्यासाठी लोक जालन्यात येतात. तुम्ही बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ या परिषदेला मुलांच्या सांध्यांसाठी आलात, याचा विशेष आनंद आहे.

घनसावंगी-परतूरकडची आई ओपीडीत सांगते, ‘‘सकाळी पोरगी लंगडती, दुपारपर्यंत खेळाया लागती.’’ घरचे मुरगळलं म्हणून चोळतात. कुठं रक्ताच्या तपासणीत एएसओ वाढलेला दिसला की ऱ्हुमॅटिक फीव्हरचा शिक्का बसतो आणि दर 3 आठवड्यांनी पेनिसिलीन सुरू होतं. एएसओ मात्र एवढंच सांगतो, की स्ट्रेप्टोकोकस येऊन गेला. वयाच्या 16 वर्षांआधी सुरू झालेली, 6 आठवडे टिकलेली आणि दुसरं कारण न सापडलेली सांध्याची सूज म्हणजे जेआयए, ज्युव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस.

यात जंतूंवर धावून जाणाऱ्या पेशी स्वतःच्याच सांध्याच्या अस्तरावर उलटतात. टी-पेशी मॅक्रोफेजना चेतवतात. टीएनएफ आणि इंटरल्युकिन-6 ही दाह वाढवणारी प्रथिनं पाझरतात. अस्तर जाड होतं, पाणी साचतं, कूर्चा झिजते. जेआयएच्या सर्वांगी प्रकारात जन्मजात प्रतिकारशक्तीच भडकते. रोज चढणारा ताप आणि पुरळ यांमागे मुख्यतः इंटरल्युकिन-1 आणि 6 असतात. लंडनचे डॉक्टर जॉर्ज स्टिल यांनी 1897 मध्येच दाखवलं होतं, की मुलांचा संधिवात ही मोठ्यांच्या आजाराची छोटी आवृत्ती नव्हे.

आजची चर्चा या गावात व्हायला एक कारण आहे. मोजकेच सांधे सुजलेल्या, रक्ताच्या तपासणीत एएनए (अँटिन्यूक्लिअर अँटीबॉडी) पॉझिटिव्ह आलेल्या लहान मुलांत हाच दाह डोळ्यात शिरतो. डोळा बहुधा लाल होत नाही, दुखत नाही, म्हणून मूलही काही बोलत नाही. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात तरंगणाऱ्या पेशी स्लिट लॅम्पखालीच दिसतात. उशीर झाला तर मोतीबिंदू, काचबिंदू, प्रसंगी अंधत्व. बियाणं-उद्योजक बद्रीनारायण बारवाले यांच्या पुढाकारानं उभं राहिलेलं श्री गणपती नेत्रालय याच शहरात आहे. तेव्हा गुडघा पाहणारा आणि डोळा पाहणारा इथं एका टेबलावर बसलाच पाहिजे.

यजमान म्हणून दोनच मागण्या. निदानाच्या दिवशीच डोळ्यांच्या तपासणीची चिठ्ठी द्या. धोका जास्त असेल तर दर 3 महिन्यांनी पुन्हा. आणि मेथोट्रेक्सेट लिहाल तेव्हा वार ठरवून तो ठळक लिहा, नाहीतर आठवड्याची गोळी घरी रोजची होते.

आमच्या व्यवस्थेत काही उणंअधिक झालं, तर सांभाळून घ्या. डोळ्यांची तपासणी राहून गेली, तर मात्र एकमेकांना मुळीच सांभाळून घेऊ नका.