बाटलीवर काय लिहायचं?

(मुरूम येथे तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बंधू-भगिनींनो, आजचा विषय मी निवडलेला नाही. तो आपल्या बचत गटातल्या तीन भगिनींनी दिला आहे. त्यांच्याकडे एका ओळखीच्या बाईंकडून एक खोका आलाय. त्यात दहा-दहा मिलीच्या चोवीस बाटल्या आहेत. नीलगिरी, लव्हेंडर, पुदिना, टी ट्री, लिंबू, लवंग अशी तेलं, ज्यांना बाजारात इसेन्शियल ऑईल म्हणतात. सोबत एक छापील कागद आहे: कोणतं तेल कोणत्या आजारावर. सर्दीपासून सुरुवात होते आणि शेवटी साखर, रक्तदाब, गुडघे, सगळंच त्यात येतं. भगिनींनी मला सरळ विचारलं, "भाईजान, हे विकलं तर कमाई हलाल राहील का?"

फतवा देणं माझं काम नाही. ते मुफ्तीसाहेबांना विचारा. मी सॉफ्टवेअरचा माणूस, डॉक्टरही नाही. पण बाटलीत नेमकं काय असतं, ते कुठे उपयोगी पडतं आणि कुठे अंगाशी येतं, हे मी गेले दोन महिने नीट वाचून काढलंय. त्याला घरचं एक कारण आहे, ते पुढे सांगतो.

आधी एक घोटाळा मिटवू. हा घोटाळा 'तेल' या शब्दाचाच आहे. आपल्याकडे तेल म्हटलं की करडईचं, शेंगदाण्याचं, खोबरेल. घाण्यातून निघतं ते. ही सुगंधी तेलं त्या जातीची नाहीत. पान, फूल, साल वाफेवर ठेवायची, वाफ गार करायची आणि पाण्यावर जो थर तरंगतो तो काढून घ्यायचा. लिंबाचं तेल तेवढं सालीतून दाबून काढतात. ओळखायची साधी रीत म्हणजे कोऱ्या कागदावर एक थेंब टाका. करडईच्या तेलाचा डाग राहतो. नीलगिरीचा थेंब उडून जातो, कागद जवळजवळ कोरा होतो. डाग राहिला तर त्यात दुसरं काहीतरी मिसळलंय, असा संशय घ्यायला जागा आहे.

कलौंजीचं काय, असं कोणीतरी विचारणारच. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कलौंजीत शिफा असल्याचं सांगितलं, ही हदीस बुखारीत आहे, आपण सगळे मानतो. पण दुकानात मिळणारं कलौंजीचं तेल बहुतेक वेळा घाण्याचंच असतं. त्या हदीसचं नाव पुढे करून लव्हेंडरची बाटली विकायची, हे मला पटत नाही. त्या छापील कागदावर नेमकं हेच केलंय.

आता हे तेल किती तीव्र असतं, ते बघा. एक किलो गुलाबाचं तेल काढायला साधारण तीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात. म्हणजे दहा मिलीच्या बाटलीसाठी तीसेक किलो. उरुसात दीडशे रुपयांना 'शुद्ध रूह गुलाब' मिळतो तेव्हा तीस किलो पाकळ्यांचा हिशेब तुम्हीच करा. कनौजचं जुनं अत्तर चंदनाच्या तेलात फुलांचा अर्क उतरवून बनायचं. चंदन महागलं तसं लिक्विड पॅराफिन आलं, इतर रसायनं आली. नक्कल तर फार जुनी आहे. नवव्या शतकात अल-किंदी यांनी अत्तर आणि अर्क काढण्याच्या रसायनावर ग्रंथ लिहिला, त्यात महाग सुगंधांच्या नकली कृतीही आहेत! पॅराफिनवालं अत्तर कपड्याला लावणं काही गुन्हा नाही. ते 'शुद्ध' म्हणून विकणं हा गुन्हा आहे. धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आतून ओलं लागलं, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्या व्यापाऱ्याला काय सुनावलं, ते इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

बाटली खरी असेल तर मात्र दुसरा प्रश्न उभा राहतो. एवढ्या पाकळ्यांची, पानांची ताकद एका थेंबात आली. मग 'नैसर्गिक आहे, काही होत नाही' हे वाक्य कुठून आलं? नैसर्गिक तर धोतराही आहे.

फायदे नाहीतच असं मी म्हणणार नाही. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल दातांचे डॉक्टर आजही झिंक ऑक्साईडमध्ये कालवून वापरतात. टी ट्री तेलाची १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात १२४ जणांवर चाचणी झाली. ५ टक्क्यांचं टी ट्री जेल आणि मुरुमांवरचं नेहमीचं औषध, म्हणजे बेंझॉईल पेरॉक्साईड, दोन्हींनी मुरूम कमी झाले. टी ट्रीचा गुण उशिरा आला, पण त्रास कमी झाला. पुदिन्याच्या तेलाच्या आतड्यात जाऊन विरघळणाऱ्या कॅप्सूल आयबीएसच्या पोटदुखीवर डॉक्टर देतात. आता या तिन्हींत काय सारखं आहे बघा. प्रमाण ठरलेलं, आजार ठरलेला, वापरायची पद्धत ठरलेली. साखरेच्या खड्यावर पुदिन्याचे चार थेंब टाकून घेणं म्हणजे ती कॅप्सूल नव्हे.

एप्रिल २०२१ आठवतो ना? करोनाची दुसरी लाट, आणि प्रत्येकाच्या मोबाईलवर ती पोटली. कापूर, लवंग, ओवा, वर नीलगिरीचे थेंब. फडक्यात बांधा, हुंगत राहा, ऑक्सिजन वाढतो. आमच्या चाचांनीही खिशात ठेवली होती. हुंगलं की छाती मोकळी झाल्यासारखं वाटायचं, आणि ते वाटणं खोटं नव्हतं. मेंथॉल, कापूर, नीलगिरी यांनी नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या नसा चेततात. मेंदूला निरोप जातो की हवा आत येतेय. पण मेंथॉल हुंगायला देऊन नाकातून जाणारी हवा मोजली, तेव्हा ती पूर्वीइतकीच भरली. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे लगेच कळतं. सर्व्हर बंद पडलाय आणि स्क्रीनवर हिरवा दिवा दिसतोय. साध्या सर्दीत हिरवा दिवा दिसला तर बरंच आहे, झोप लागते. पण ऑक्सिजन ८८ वर आलेला माणूस त्या दिव्याच्या भरवशावर घरी थांबला, तर त्याचा दवाखान्याचा वेळ गेला.

आता घरची गोष्ट. माझ्या आपाचा मुलगा, दीड वर्षाचा. सर्दी झाली म्हणून रात्री नीलगिरीची बाटली उशाशी होती, झाकण सैल. पहाटे तो खोकला आणि आपाला जाग आली. बाटली त्याच्या हातात, तोंडाला वास. किती पोटात गेलं, कोणालाच माहीत नाही. घरात एकच गोंधळ. दादी म्हणाल्या, मिठाचं पाणी पाजा, उलटी करवा. शेजारच्या एका डॉक्टरांना फोन लागला म्हणून बरं. ते ओरडलेच, उलटी करवू नका! असं पातळ तेल उलटीबरोबर वर येतं, फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. आम्ही तसेच उमरग्याला गेलो. गाडीत पोर सुस्त होत चाललं होतं, आपा त्याला हलवत होती. अल्हम्दुलिल्लाह, दिवसभर देखरेखीखाली राहून संध्याकाळी तो खेळायला लागला. नंतर मी वाचलं की लहान मुलाला पाचेक मिली नीलगिरी तेल, म्हणजे एक चमचा, बेशुद्ध करू शकतं. दहा मिलीच्या बाटलीत असे दोन चमचे असतात.

कापूर त्याहून वाईट. पोटात गेल्यावर काही मिनिटांतच झटके येऊ शकतात. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला औषधांतल्या कापरावर ११ टक्क्यांची मर्यादा घातली गेली. आपल्याकडे कापराच्या वड्या कपाटात, देवळात, किराणा दुकानात खुल्या असतात आणि पोरांना त्या खडीसाखरेसारख्या दिसतात. गंधपुऱ्याचं तेलही तसंच. अम्मी गुडघ्याला चोळते ना, तेच. त्यात जवळजवळ सगळं मिथाईल सॅलिसिलेट असतं, अॅस्पिरिनचा चुलतभाऊ म्हणा. एका चमच्यात मोठ्या माणसाच्या वीसहून अधिक अॅस्पिरिनच्या गोळ्यांएवढा ऐवज. ज्यांना हृदयासाठी रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनची गोळी चालू आहे, त्यांनी हे तेल किंवा तसला बाम रोज चोळू नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो. आपल्या घरातल्या किती बुजुर्गांना ही गोळी चालू आहे, आज घरी जाऊन बघा.

ही फक्त पोरांची गोष्ट नाही. दक्षिण भारतातल्या चार रुग्णालयांत चार वर्षं एक पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये छापून आले. झटके आलेल्या ३५० प्रौढ रुग्णांना नेमकं विचारलं, की आधी काय लावलं, काय हुंगलं. त्यात ५५ जणांच्या झटक्यांचा संबंध नीलगिरी-कापूर असलेल्या बाम, तेल अशा वस्तूंशी लागला. त्यातल्या २२ जणांना मिरगीचा आजार आधी नव्हताच. याचा अर्थ बाम लावणाऱ्या प्रत्येकाला झटका येतो असा नाही, कोट्यवधी लोक लावतात. पण ज्याला मिरगी आहे त्याच्या घरात हे तेल नको. आणि झटका आला की कांदा-चप्पल हुंगवण्याआधी डॉक्टरला सांगा, बाम लावला होता का.

त्वचेबद्दल थोडक्यात. नुसतं तेल अंगाला लावू नका. हिशेब सोपा आहे. साधारण वीस थेंबांचा एक मिली. मोठ्या माणसासाठी २ टक्के धरलं तर ३० मिली खोबरेलात बारा थेंब. लिंबाचं तेल चेहऱ्याला लावून आपल्या उन्हात फिरलं की डाग पडतात, गोरेपणाच्या नादात उलटंच होतं. बाटली उघडून वर्षभर पत्र्याखालच्या खोलीत ठेवली तर तेल हवेने, उष्णतेने बिघडतं आणि बिघडलेल्या तेलाची अॅलर्जी जास्त येते. मुरूमचा मे महिना कसा असतो, तुम्हाला मी काय सांगू. आणि दोन वर्षांखालच्या बाळाच्या नाकाजवळ पुदिना, मेंथॉल, कापूर काहीच नको, श्वासनळी आखडू शकते.

एका भगिनीची कल्पना होती, घरी पाणी घालून रूम स्प्रे बनवायचा. तो बेत सोडा. २०२१ मध्ये अमेरिकेत लव्हेंडर-कॅमोमाईलचा एक स्प्रे विकला जात होता, भारतात बनलेला. त्यात मेलिऑइडोसिसचे जंतू निघाले. चार वेगवेगळ्या राज्यांत चार जण आजारी पडले, दोघं दगावले, त्यात एक लहान मूल. कारखान्यातल्या मालाचं हे झालं, तर आपल्या स्वयंपाकघरातल्या पाण्याची काय खात्री?

आणि मुलांनो, जुम्याचं अत्तर. प्रेषितांना (स.) खुशबू प्रिय होती, लावा. पण शेजारच्या माणसाच्या हाताला न विचारता लावू नका. त्याला दमा असेल तर तुमची खुशबू त्याच्या छातीवर बसते. कच्चा लसूण-कांदा खाऊन मशिदीत येऊ नये असं सांगितलंय ते दुसऱ्याला त्रास होतो म्हणून. हे सूत्र फक्त घाण वासालाच लागू आहे असं मला वाटत नाही. बुजुर्गांचं मत वेगळं असेल तर ऐकायला मी तयार आहे.

आता त्या खोक्याकडे येऊ. तो छापील कागद वाटायचा नाही. पाप-पुण्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी १९५४ चा कायदा आहे, औषधे आणि जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबद्दलचा. मधुमेह, कर्करोग, मिरगी, रक्तदाब यांवर इलाज म्हणून जाहिरात करणं त्यात गुन्हा आहे, आणि आपल्या गटात टाकलेला मेसेज जाहिरात नाही, असं समजू नका. ज्याला वैद्यक येत नाही त्याने इलाज केला आणि नुकसान झालं, तर भरपाई त्याच्यावर, ही गोष्ट तर हदीसमध्येही आली आहे.

भगिनींना कमाई हवी आहे, आणि ती हवीच. त्या तिघींपैकी एकीचं घर शिलाईवर चालतं. त्यामुळे 'विकू नका' म्हणून मी मोकळा होणार नाही. आम्ही बसून ठरवलं ते असं. नीलगिरीच्या बाटल्या परत पाठवायच्या. लवंगही परत, कारण नुसती लावली तर हिरडी भाजते आणि मुलाच्या पोटात गेली तर यकृतावर बेतते. उरलेली तेलं फक्त वासासाठी, खोलीत, खिडकी उघडी ठेवून. प्रत्येक बाटलीवर मोठ्या अक्षरात: पिऊ नये. मुलांपासून दूर. मिरगी, दमा, गर्भावस्था असल्यास डॉक्टरांना विचारा. पोटात गेल्यास उलटी करवू नका, १०८ ला फोन. खाली दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा माहिती केंद्राचा मोफत नंबर, १८०० ११६ ११७. आत्ताच मोबाईलमध्ये घालून ठेवा, मी थांबतो.

खोका तिकडे टेबलावर ठेवलाय. चहा झाला की लेबलं लिहायला बसू, मराठी आणि उर्दू दोन्हींत. ज्याचं अक्षर चांगलं आहे त्याने पुढे यावं.