नाव कोणी लिहिलं?



संयोजकांनी बोलायला सांगितलं तेव्हा मी कॉम्प्युटरवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी मात्र वेगळ्याच विषयावर बोलणार आहे. आपल्या हातून चूक झाली, तर ती मनात घेऊन पुढे जगायचं कसं? हा प्रश्न घेऊन चार वर्षांपूर्वी मी पुण्यात एका समुपदेशक बाईंकडे गेले होते.

पण सुरुवात आपल्या वर्गातून करते. आठवीत मी मॉनिटर होते. सर नसले की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडे. एका पावसाळी दुपारी मी वसतिगृहात राहणाऱ्या एका मुलाचं नाव लिहिलं. तो बोलत नव्हता. बोलत होती माझी मैत्रीण. पण कोणाचं तरी नाव हवं होतं, आणि हा उलट बोलणार नाही हे मला ठाऊक होतं. त्याला छड्या बसल्या. मी खाली मान घालून वही चाळत राहिले.

मग वर्षानुवर्षं ते विसरले. चार वर्षांपूर्वी मी जिथे काम करत होते तिथे माणसं कमी करायची ठरली. मी टीमची प्रमुख. वरून निरोप आला, दोन नावं द्या. मी दिली. त्यातला एक मुलगा आपल्यासारखाच खेड्यातून आलेला, शिक्षणाचं कर्ज डोक्यावर असलेला. त्यानंतर दोन महिने मला पहाटे तीनला जाग यायची.

बाईंनी पहिल्या भेटीत झोप, भूक, जगावंसं वाटतं का, हे सगळं नीट विचारलं. नैराश्य हा आजार आहे, तसं दिसलं तर आधी डॉक्टरांकडे पाठवीन, म्हणाल्या. तसं नव्हतं. मी म्हणाले, "माझी चूक नव्हती, एवढं एकदा सांगा." त्या म्हणाल्या, "ते मला कसं कळणार? नेमकी काय चूक झाली ते तुम्हीच लिहा, एका वाक्यात." मी लिहिलं, 'मी वाईट माणूस आहे.' त्यांनी कागद परत केला. "हा निकाल झाला. मी चूक विचारली."

मी इंजिनिअर आहे. प्रोग्रॅम बिघडला तर 'प्रोग्रॅम वाईट आहे' अशी नोंद आम्ही करत नाही. कुठे, कधी, काय केल्यावर बिघडला ते लिहितो. स्वतःच्या बाबतीत मात्र हे मला सुचलं नव्हतं.

बाई ज्या पद्धतीने काम करत होत्या तिला मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. अमेरिकेतल्या अल्बर्ट एलिस यांनी ती 1955 च्या सुमारास मांडली. तिचं मूळ ग्रीक आणि रोमन तत्त्वज्ञांच्या विचारात आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या एपिक्टेटसचं ऋण एलिस नेहमी मान्य करत. महाराष्ट्रात ही पद्धत रुजवली प्रा. कि. मो. फडके यांनी. एलिस यांच्याशी त्यांचा 36 वर्षं पत्रव्यवहार चालला. ठाण्यात 1990 साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या आय.पी.एच. या संस्थेतही ती शिकवली जाते.

या पद्धतीतला एक फरक मला फार उपयोगी पडला. अपराधगंड वेगळा आणि खंत वेगळी. अपराधगंडात माणूस 'मी नालायक' म्हणत स्वतःभोवतीच फिरत राहतो. ज्याचं नुकसान झालं तो बाजूलाच राहतो. खंत म्हणते, 'हे कृत्य चुकीचं होतं. आता काय करता येईल?' कृत्याला नाव ठेवा, माणसाला ठेवू नका, स्वतःलासुद्धा.

हे ऐकताना मला आपल्याकडचा भगत आठवला. घरात कोणी आजारी पडलं की भगत दाणे बघतो आणि विचारतो, काय चुकलं, कोणाचं द्यायचं राहिलं? दुखण्याच्या मागे कधी नात्यातलं काही थकलेलं असतं, हे त्याला कळत होतं. सगळं घर एकत्र बसून ते ऐकायचं. पण याच पद्धतीत कधी कधी एखाद्या बाईचं नाव निघायचं, भुताळी म्हणून. बहुतेक वेळा जिच्या मागे कोणी नाही तिचं. अशा गोष्टींविरुद्ध महाराष्ट्राला 2013 साली कायदा करावा लागला. चूक शोधायला बसलं की बोट उलट न बोलणाऱ्याकडे वळतं. मी तेच केलं होतं, दोनदा.

पुढच्या भेटीत मी खरं वाक्य लिहिलं. 'मी ते नाव कामावरून दिलं नाही, तो वाद घालणार नाही म्हणून दिलं.' आता काय करू, असं विचारलं. बाई म्हणाल्या, "ते मी ठरवायचं नाही."

जर्मनीत 1981 साली गेर्ड आखेनबाख या तत्त्वज्ञाने असा सल्ला देण्यासाठी स्वतंत्र खोली उघडली. तिथे येणाऱ्याला रुग्ण मानत नाहीत, कारण त्याला आजार नसतो, प्रश्न असतो. पण तिथेही उत्तर ज्याचं त्यानेच शोधायचं.

एक मर्यादाही सांगते. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत राबून आलेल्या माणसाची मजुरी बुडाली, तर त्याला दृष्टिकोन बदलायला सांगू नये. त्याची मजुरी मिळवून द्यावी. सगळीच दुःखं मनातली नसतात.

मी त्या मुलाला फोन केला. जे लिहिलं होतं तेच सांगितलं, माफी मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मॅडम, सांगून तुम्हाला बरं वाटलं असेल." आणि फोन ठेवला. त्याला तो हक्क होता. त्याचं आयुष्य माझ्या माफीने भरून येणार नव्हतं. पुन्हा अशी वेळ आली तेव्हा मी आधी लेखी निकष मागितले, आणि ज्यांची नावं दिली त्यांना स्वतः समोर बसवून सांगितलं. झोप आता लागते. खंत आहे, ती असू दे.

आठवीतला तो मुलगा आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. हे सांगू का, म्हणून मी परवा त्याला फोन केला. म्हटलं, "अरे, ते नाव मी मुद्दाम लिहिलं होतं." तो म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं. पण तू मॉनिटर होतीस ना." मग म्हणाला, "सांग तू, पोरांनाही ऐकू दे." त्याची मुलं आज शिकताहेत, आणि त्यांच्या वर्गातही मॉनिटर आहेत.

एवढंच सांगायचं होतं. मनावर ओझं असेल तर एकट्याने वाहू नका. झोप उडाली असेल, जगणं नकोसं झालं असेल, तर 14416 हा टेलिमानसचा नंबर लिहून ठेवा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. आणि प्रश्न बरोबर-चूकचा असेल, तर आपल्यापैकीच कोणाला तरी गाठा. फक्त त्याच्याकडून निकाल मागू नका. त्याला ऐकायला सांगा.

जेवण तयार असल्याची खूण झाली आहे, थांबते.